चालण्याची गल्ली

हैद्राबादच्या बरकतपुऱ्यात जिथे आमचं घर होतं, तिथे आता कॉफीचं दुकान आहे. ऑफिसमधल्या एका मुलीचा वाढदिवस होता, म्हणून गेल्या शनिवारी दुपारी आम्ही सगळे तिथे गेलो. "मॅडम, बहोत क्यूट गल्ली है, आपको तो देखना ही होना," असं ती गाडीत मला सांगत होती. मी तिथलीच आहे, हे मी तिला सांगितलं नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी सोडावी लागते. पुढे फक्त पायी. खाली करड्या दगडी फरश्या, दोन्ही बाजूंना कुंड्या, बाकं, काळे नक्षीदार दिवे. भिंती सगळ्या एकाच फिकट पिवळ्या रंगाच्या, जणू एकाच घरातल्या बहिणींना एकाच ताग्यातून झंपर शिवलेत.

आम्ही आत जाऊन बसलो. माझ्या अंदाजाने आमचं टेबल जुन्या न्हाणीघरात होतं. तिथे तांब्याचा बंब असायचा, ओल्या राखेचा आणि शिकेकाईचा वास असायचा, आणि सकाळी आत्या आत गेली की मोरीवर पाण्याचे असे सपकारे ऐकू यायचे, की ती कोणाला तरी झोडपतेय असं वाटावं. त्या जागी आता दालचिनीचा वास होता. सगळ्यांनी मिळून केक कापला.

कुमुदआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहानपणी तिला देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. आजोबा निजामाच्या काळात परभणीकडून इथे मास्तरकीला आलेले. मुलीला दिसत नाही म्हणून त्यांनी तिला घरात बसवली नाही, शिकवली. पुढे कोठी भागातल्या एका सरकारी कचेरीत ती टेलिफोन ऑपरेटर झाली आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिली. गल्लीत तिला कुमुद म्हणून कोणीच ओळखत नसे. ती सगळ्यांची ऑपरेटर अम्मा.

दिसायला उंच, हाडापेराने मोठी. कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यापर्यंत पावडर, आणि उजव्या हातात बारा महिने मिटलेली काळी छत्री. पांढरी काठी तिने कधी घेतली नाही. "काठी घेतली की लोक दया करतात. छत्री असली की बाजूला होतात," असं ती म्हणायची. कोणी वाटेत स्कूटर लावली की ती छत्रीच्या टोकाने स्कूटरच्या पत्र्यावर ठण्ण करून मारायची आणि गल्लीच्या मधोमध उभी राहून विचारायची, "ये किसका घोडा है?" मग कोणीतरी लुंगी सावरत धावत यायचं.

संध्याकाळी तिची बस यायची. मी फ्रॉकातल्या वयाची. मला स्टॉपवर तिला आणायला पाठवायचे. पण आणायची तीच मला. माझा हात धरून ती म्हणायची, "डोळे मीट. आता सांग, कुठे आलो?"

"चक्कीपाशी."

"ते तर डोळसांनाही कळतं. पुढचं सांग."

चक्कीचं गरम पीठ नाकात शिरायचं. ज्वारी दळत असली तर वास कोरडा, गहू असला तर गोडसर. त्यानंतर थोडा वेळ नुसती हवा, कारण तिथे एक रिकामा प्लॉट होता आणि त्यातून काचीगुडा स्टेशनाकडचा वारा यायचा, कधी त्यावर बसून इंजिनाची शिट्टी यायची. मग होमिओपॅथ डॉक्टरांचा दवाखाना. तिथला स्पिरिटचा आणि साखरेच्या गोळ्यांचा वास इतका स्वच्छ, की आजारी पडावंसं वाटायचं. मग यादगिरीचा इस्त्रीचा ठेला. कोळसा, ओलं फडकं, तापलेल्या सुताचा वास, आणि इस्त्री खाली टेकली की होणारा जड ठप्प आवाज. शेवटी आमच्या फाटकाशी फुलवाली बसायची. तिच्या मोगऱ्यावर ती इतकं पाणी मारायची, की आधी ओल्या गोणपाटाचा वास यायचा आणि मग फुलांचा.

"यादगिरी, आज उशीर केलास," आत्या चालता चालता म्हणायची.

"नै अम्मा, तुम जल्दी आये," ठेल्यामागून यादगिरी म्हणायचा. हे रोजचं. ह्यात कधी फरक पडला नाही.

उन्हाळ्यात बेगम बाजारातून लाल मिरची यायची. दुपारभर गच्चीवर वाळायची आणि अख्खी गल्ली शिंकायची. आत्याच्या शिंका मोजून येत नसत, सरीसारख्या येत. ती शिंकताना हसायची आणि हसताना शिंकायची. आषाढात देवीच्या बोनालू सणाची मिरवणूक शेजारच्या रस्त्याने जायची. हळद लावलेल्या, कडुलिंब बांधलेल्या घागरी डोक्यावर घेतलेल्या बायका मला दिसायच्या. तिला काय दिसायचं, असं मी एकदा विचारलं. तिने माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. डफावरची थाप तिथे आत धडधडत होती. "असं दिसतं," ती म्हणाली. थंडीत पहाटे गल्लीत धूर खाली बसायचा, आणि यादगिरीचा कोळसा पेटायच्या आधीच आत्या अंथरुणातून सांगायची, "आला तो."

रात्री जेवताना ती कधीकधी मध्येच म्हणायची, "वरंगलला आज पाऊस आहे." आमचं तिथे कोणीच नव्हतं. ट्रंक कॉल जोडताना पलीकडून वरंगलचा ऑपरेटर बोलायचा, तो तिला सांगायचा. ती त्याला हैद्राबाद होती आणि तो तिला वरंगल. कित्येक वर्षं ती दोघं एकमेकांचा खोकला, पाऊस, सणवार विचारत राहिली. मग एसटीडी आलं, लोक आपापले नंबर फिरवू लागले, आणि तो आवाज यायचा बंद झाला. दुसऱ्या गावांच्या पावसाची बातमी आमच्या ताटात येईनाशी झाली.

मी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. आई-बाबा गेले, काका गेले. घरात आत्या उरली आणि वरच्या मजल्यावर माझा चुलतभाऊ शिरीष. शिरीष वाईट नाही. त्याला नव्या गोष्टींची हौस आहे. बोलायला गोड, कामाला चटपटीत, आणि कोणी नाही म्हणेल हे त्याच्या मनातच येत नाही. घर बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा तो आत्याला म्हणाला, "तुला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्टसमोर." त्याच सुमारास गल्लीतल्या लोकांनी कमिटी केली आणि शिरीष तिचा अध्यक्ष झाला. गल्लीत गाड्या बंद करायच्या, फरश्या घालायच्या, लोकांनी निवांत चालावं अशी जागा करायची, असा त्यांचा बेत होता.

आणि सर्वांत जास्त आनंद झाला तो आत्याला. मला फोन करून ती म्हणाली, "अगं, स्कूटरी बंद! आयुष्यभर मी ह्या घोड्यांशी भांडले. आता बघ, मी गल्लीच्या मधोमध चालणार." मी तिला इतकं खूश कधी ऐकलं नव्हतं. ज्यांची मनं वळत नव्हती अशा दोन-तीन घरी ती स्वतः गेली. ऑपरेटर अम्मा सांगते म्हटल्यावर त्यांनीही मान डोलावली.

मग एकेक जण जाऊ लागला. चक्कीवाल्याची जागा एका कपड्यांच्या दुकानाने घेतली. डॉक्टर आपल्या मुलाकडे गेले. रिकाम्या प्लॉटवर इमारत उठली आणि काचीगुड्याचा वारा यायचा थांबला. फुलवालीला दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा ती आलीच नाही. यादगिरी मात्र सांगायला आला. आत्या तेव्हा नव्या खोल्यांत राहायला आली होती. तो लिफ्टने वर आला नाही, खालूनच त्याने हाक मारली. मी त्या दिवशी तिच्याकडे होते, मीच तिला खाली घेऊन आले.

"अम्मा, ठेला यहाँ नै रखना बोले."

"कौन बोले?"

"सब बोले अम्मा."

आत्याने तिथेच उभं राहून शिरीषला बोलावलं. तो आला, यादगिरीच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्या, कोळशाचा धूर होतो गं. आता इथे लोक चालायला येणार."

"आधी काय उडत होते?"

शिरीष हसला. यादगिरीही हसला, कारण शिरीष हसला होता. मग त्याने आत्याच्या इस्त्रीच्या साड्या माझ्या हातावर ठेवल्या. अजून गरम होत्या. "तुम जल्दी आये अम्मा," असं काही तो म्हणाला नाही. "चलतों," इतकंच म्हणाला.

त्यानंतर काही दिवसांनी ती हरवली. भर दुपारी, स्वतःच्या दारासमोर. ती पोस्टातून परत येत होती. गल्लीत शिरली आणि तिला काही सापडेना. पायाखाली सगळीकडे एकच दगड. पूर्वी चक्कीपुढे माती असायची, दवाखान्यापुढे फुटका जिना, ठेल्यापाशी राख. आता सगळीकडे एकच गुळगुळीतपणा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच कॉफीचा वास. ती चालत राहिली, टोकाला गेली, वळली, परत आली. पुन्हा गेली. शेवटी छत्रीने चाचपून एका बाकावर बसली.

तिथल्या सिक्युरिटीवाल्याने तिला पाहिलं. नवा माणूस, त्याला काय माहीत. "अम्मा, इधर नहीं बैठना. उधर मंदिर के पास बैठो."

"मैं यहीं रहती हूँ," आत्या म्हणाली.

"सब यही बोलते," तो म्हणाला, आणि तिच्या दंडाला धरून त्याने तिला उठवलं. ती ओरडली नाही. तिने त्याला शिरीषचं नाव सांगितलं. शिरीष धावत खाली आला, त्याने त्या माणसाला झापलं, आणि लिफ्टमध्ये शिरताना आत्याला म्हणाला, "तू कशाला एकटी बाहेर पडतेस? मला लाज आणतेस बघ."

हे तिने मला फोनवर सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "अगं, त्याने मला धरलं ना, तेव्हा मला बरंच वाटलं. निदान कोणीतरी कुठेतरी नेत होतं."

ह्यावर शिरीषने उपाय काढला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. गल्लीच्या मधून त्याने उठावाच्या पिवळ्या फरश्यांचा एक पट्टा घालून घेतला. आंधळ्या माणसाने त्यावरून पाय घासत जावं, म्हणजे वाट चुकत नाही. मग त्याला आणखी एक कल्पना सुचली. गल्लीच्या उद्घाटनाला कोणा पाहुण्याने फीत कापण्यापेक्षा आत्यानेच पहिल्यांदा त्या पट्ट्यावरून चालत जावं. इथे सर्वांत जास्त वर्षं चाललेली बाई ती. त्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता.

सकाळची वेळ होती. मी तिला नेसवायला लवकर गेले. तिने जांभळी रेशमी साडी मागितली, पावडर लावली, मला दोनदा विचारलं, "केस बसलेत ना?" शिरीष दारात आला आणि तिच्या हातातली छत्री काढून घेत म्हणाला, "आत्या, ही फोटोत बरी दिसत नाही." त्याने तिच्या हातात नवी पांढरी काठी दिली. हलकी, घडीची. आत्याने ती हातात तोलून पाहिली.

"ह्याला वजनच नाही," ती म्हणाली. मग विचारलं, "पट्टा कुठपर्यंत जातो रे?"

"पार शेवटपर्यंत."

"मध्ये काही नाही ना?"

"काही नाही. तू फक्त चालत राहा."

पट्टा एका ठेकेदाराने घातला होता. गाड्या आत येऊ नयेत म्हणून गुडघ्याएवढे दगडी खांब दुसऱ्याने रोवले होते. त्यातला एक खांब बरोबर पट्ट्यावर आला होता. तो लपलेला नव्हता. त्याला झेंडूची माळ घातली होती. आम्हा सगळ्यांना तो इतका स्वच्छ दिसत होता, की तिला तो दिसत नाही हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

ती निघाली. पहिली काही पावलं सावकाश, मग तिला पट्टा सापडला. तिची मान वर झाली, खांदे मागे गेले. कोठीच्या बसमधून उतरून चालायची तशी ती चालू लागली. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंच्या नव्या उंच भिंतींमधून टाळ्या आपटत राहिल्या, वाढत गेल्या. आम्ही सगळेच वाजवत होतो. ती आयुष्यभर कानांनी चाललेली बाई, आणि आम्ही तिचे कान बांधून टाकले. काठीचं टोक खांबावर लागलं तेव्हा त्याचा आवाज तिला आला नसणार. हलकी काठी घसरून बाजूला गेली, पाऊल पुढे पडलं, आणि ती सबंध उंची घेऊन आडवी झाली.

टाळ्या लगेच थांबल्या नाहीत. मागच्यांना दिसत नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्स आली, पण त्या खांबांमुळे तिला आत येता येईना. ती तोंडाशी उभी राहून दिवा फिरवत राहिली. मग कॉफीच्या दुकानातली एक वेताची खुर्ची आणली, तिच्यावर आत्याला बसवलं, आणि तो सिक्युरिटीवाला आणि एक वेटर तिला उचलून नेऊ लागले. प्रत्येक पावलाला ती कण्हत होती. मी तिचा हात धरून बाजूने चालले होते. पुष्कळ लोक आदराने बाजूला झाले.

"छत्री कुठाय माझी?" ती मला विचारत होती. "छत्री घे गं."

छत्री कोणालाच सापडली नाही. शिरीष अँब्युलन्सपर्यंत आला, तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "जरा हळू चालायचं होतंस आत्या." मग तो परत गेला. पाहुण्यांचं भाषण राहिलं होतं.

ऑपरेशन झालं, जखम चिघळली, पुन्हा ऑपरेशन झालं. आत्या पुन्हा उभी राहिली नाही. तेव्हापासून ती माझ्याकडे कोंडापूरला आहे. आमचं घर फार उंचावर आहे. खिडक्यांना जाड काचा, त्या उघडत नाहीत. पहिल्या आठवड्यात ती विचारायची, "इथे कोण राहतं?" मी सांगायचे, पुष्कळ लोक राहतात. "मग ते काही करत का नाहीत?" तिला एकही आवाज येत नव्हता. कुकरच्या शिट्ट्या नाहीत, भांडणं नाहीत, फेरीवाला नाही. फक्त एसीची घरघर. तिच्या बरकतपुऱ्याच्या खोल्या शिरीषने बाहेरगावच्या पाहुण्यांना दोन-चार दिवसांच्या मुक्कामाला द्यायला सुरुवात केली. तिला त्याने ते स्वतः फोन करून सांगितलं, लपवलं नाही. "रिकाम्याच पडल्या होत्या ना," तो म्हणाला. "हौ, बरोबर आहे," आत्या म्हणाली.

शनिवारी केक खाऊन आम्ही बाहेर आलो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक घोळका उभा होता. टोप्या घातलेली, पाण्याच्या बाटल्या घेतलेली माणसं. एक गोड चेहऱ्याची मुलगी त्यांना जुन्या वस्त्यांतून हिंडवते. ती एका मोठ्या फलकासमोर उभी राहून बोलत होती. फलकावर आत्या होती. जांभळी साडी, पांढरी काठी, मान वर, तोंड उघडं. फोटो खांबाच्या अलीकडेच कापलेला. काठीच्या टोकाशी झेंडूची एक पाकळी तेवढी राहून गेली आहे.

"ये अम्मा इसी गल्ली की हैं," मुलगी सांगत होती. "बचपन से देख नहीं सकतीं. लेकिन आज भी रोज शाम को अकेली यहाँ वॉक करती हैं. देखिए, कितना खुलके हँस रही हैं."

ती हसत नव्हती. पाऊल अडकलं तेव्हाचं ते तोंड आहे. पण फोटो खरंच चांगला आला आहे. माहीत नसतं तर मलाही ते हसूच वाटलं असतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ही माझी आत्या."

घोळक्यात एकदम आनंद पसरला. सगळे माझ्याभोवती जमले. त्यांना अम्माला काहीतरी सांगायचं होतं. त्या मुलीने माझाच फोन घेतला, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि सगळ्यांनी एका सुरात हाका मारल्या, "हाय अम्मा! लव यू अम्मा! आपकी गल्ली बहोत अच्छी है अम्मा!" मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी थँक्यू म्हटलं आणि मेट्रो पकडली.

घरी आले तेव्हा चार वाजले असतील. आत्या जागी होती. मी पुष्कळ विचार केला, आणि मग ते रेकॉर्डिंग तिच्या कानाशी धरलं. का धरलं, मला सांगता येणार नाही. तिने डोकं किंचित तिरपं केलं आणि सगळं शेवटपर्यंत ऐकलं. टाळ्या आल्या तशी तिची बोटं चादरीवर आवळली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

मी पुन्हा लावलं. या वेळी ती हाकांकडे लक्ष देत नव्हती. हाकांच्या मागे काहीतरी शोधत होती.

"माणसं चांगली आहेत," ती म्हणाली. "पण ही गल्ली कुठली?"

"आपलीच, आत्या. बरकतपुऱ्यातली."

"नाही गं."

"अगं खरंच, मी आत्ता तिथूनच—"

"नाही," ती म्हणाली. माझ्यावर चिडून नाही. लहान मुलाला समजवावं तशी. "तुला कोणीतरी फसवलं."

मग तिला भिंतीकडे तोंड करून निजायचं होतं. तिने पलंगाच्या कठड्याला धरून ओढ घेऊन पाहिली. पण तिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात, आणि नर्सबाई सहाच्या आधी येत नाही. म्हणून ती तशीच, माझ्याकडे तोंड करून पडून राहिली.